चौदा भोकं

९ नोव्हेंबर

पोचले. ओमाहाहून निघून पाच दिवस झाले. गाडी मी चालवली, मागचा ट्रेलर मी ओढला आणि युमाजवळच्या वाळवंटातल्या आमच्या नेहमीच्या हिवाळी तळावर मीच आणून उभा केला. निघताना फेरी मारायला कुणी नव्हतं. आम्हा ट्रेलरवाल्यांमध्ये निघण्याआधी दुसऱ्या कुणीतरी एक फेरी मारून आकडा, खीळ, साखळ्या, दिवे बघून अंगठा दाखवायचा असतो. मर्ल असताना आम्ही एकमेकांची फेरी मारायचो. या वेळी मीच तीनदा मारली आणि स्वतःलाच अंगठा दाखवला. शेजारच्या बाईनं पडद्याआडून बघितलं. बघू दे.

मर्ल जूनमध्ये गेला. ऑगस्टमध्ये घर विकलं. आता हे सत्तावीस फुटी चाकांवरचं घर, एवढंच माझं घर. वीस हिवाळे आमची वाटणी ठरलेली होती: ट्रेलरच्या आत मी, बाहेर तो. आता आतही मी आणि बाहेरही मीच.

ट्रेलर मागे घेताना दोनदा वाकडा गेला. तेवढ्यात शेजारच्या जागेवरून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस न बोलावता आला आणि हात हलवायला लागला. "डावीकडे, बाई! आणखी! आणखी! बास!" ट्रेलर बरोबर बसला. नाव डेलबर्ट क्विस्ट, मिनेसोटाचा, या तळावर पहिल्यांदाच आलाय. आभार मानले तर ते ऐकायच्या आधीच तो ट्रेलरच्या भिंतीला तळहात लावून दाबत होता. मग प्रश्न. कुठल्या सालचा? छत शेवटचं कधी केलं? आत कुठे ओल येते का?

तीन प्रश्न, तिन्ही ट्रेलरबद्दल. माझ्याबद्दल एकही नाही. तीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची छाननी केली आहे मी. माणूस कशाकडे बघतो त्यावरून त्याला काय हवंय ते कळतं.

१२ नोव्हेंबर

मुंग्या. लाल, चावऱ्या. सकाळी साखरेच्या डब्यापर्यंत रांग लागली होती. माग काढत गेले तर खिडकीतून येत होत्या. बाहेर जाऊन बघितलं तर प्रत्येक खिडकीच्या चौकटीला खाली दोन बारीक भोकं! सात खिडक्या, चौदा भोकं. वीस वर्षं बाहेरचं सगळं मर्लकडे होतं आणि त्या भल्या माणसाला चौदा भोकं दिसली नाहीत. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि हे.

गावात जाऊन सिलिकॉनच्या दोन नळ्या आणल्या. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा बुजवली, बोटानं सारखी केली, वरून ओलं फडकं फिरवलं. काम बघून माझं मलाच बरं वाटलं. मर्लच्या टोपीला म्हटलं (ती दाराशी खुंटीवरच आहे), बघ, जमतं मला.

२८ नोव्हेंबर

सणाचं जेवण ओलेटाकडे. तळाची सगळी व्यवस्था तीच बघते. टर्की कोरडी झाली होती, मक्याचा पाव चांगला होता. वीस-बावीस माणसं, प्रत्येकानं आपापली खुर्ची आणली होती.

जेवताना ओलेटानं शनिवारच्या डागडुजीची यादी काढली. दर शनिवारी एका ट्रेलरची पाळी असते. मालकानं कॉफी आणि खायला काहीतरी करायचं, आणि ज्याला जे काम येतं ते त्यानं करायचं. यंदा पहिलं नाव कुणाचं, असं तिनं विचारलं. तर डेलबर्ट सगळ्यांसमोर म्हणतो, "रोवीनाबाईंचा घेऊ की आधी. खिडक्या एकदा बघायला हव्यात."

"माझ्या खिडक्यांना काय झालंय?"

"झालंय असं नाही म्हणत मी. बघायला काय हरकत आहे?"

"माझी हरकत आहे," मी म्हटलं. "माझा ट्रेलर ठणठणीत आहे."

ओलेटा म्हणाली, "अगं, वाईट काय आहे त्यात? मर्ल नव्हता का सगळ्यांच्या घरावर चढत?"

मर्ल चढायचा. पण आमच्या छतावर दुसऱ्या कुणाला चढू द्यायचा नाही. मी नाही म्हणजे नाही म्हटलं. डेलबर्ट ताटात बघत बसला. खिडक्यांचं त्याला कसं माहीत? म्हणजे माझ्या मागे तो फिरून बघून गेलाय.

३० नोव्हेंबर, शनिवार

शेवटी पहिली पाळी ओलेटाच्याच ट्रेलरची लागली. मीही गेले, न जाऊन कसं चालेल. न्हाणीमागची फळी काढली तेव्हा आत पेन्सिलीनं नावं लिहिलेली सापडली. भिंत बंद करण्याआधी काम करणाऱ्यानं आतल्या लाकडावर आपलं नाव, तारीख आणि काय केलं ते लिहायचं, अशी इथली जुनी रीत आहे. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळावं म्हणून. एका ठिकाणी मर्लचं अक्षर होतं: "मर्ल स्टब्ज. दोन पट्ट्या नव्या. आता कोरडं." मी पटकन कॉफी ओतायला गेले.

डेलबर्टनं दुपारभर मान वर न करता काम केलं. हात चांगला आहे, हे लिहायला हवं. हात चांगला असलेली माणसंच जास्त धोक्याची.

१६ डिसेंबर

आज त्यानं मला गाठलंच. मी कपडे वाळत घालत होते.

"बाई, एक विचारू? ती खिडक्यांची खालची भोकं कुणी बुजवली?"

छाननीत मी एक शिकले आहे. समोरचा का विचारतोय हे कळेपर्यंत पूर्ण उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे बाहेरचं सगळं मर्लच बघायचा." हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

त्याचा चेहरा बदलला. मग एकदम हळू आवाजात, "शेवटी शेवटी खूप आजारी होते का ते?"

"होता. पण काम नीटच केलंय."

"हो, हो. काम नेटकं आहे," असं म्हणून तो निघून गेला. आजारपणाची चौकशी कशाला? बाई एकटी आहे, दमलीय, विकेल ट्रेलर, असा अंदाज काढत असणार.

१ जानेवारी

नवीन वर्ष. डेलबर्ट दालचिनीचे रोल घेऊन आला. माझी पुढची कापडी पडवी मिटलेली होती. पडवी मिटलेली असली की येऊ नये, एवढं इथे सगळ्यांना कळतं. तरी आला, आणि पायरीवर उभा राहून म्हणाला, "शुक्रवारी पाऊस सांगितलाय. बाई, उद्या तुम्ही कपडे धुवायला गावात जाणार ना? किती वेळ लागतो साधारण?"

किती वेळ लागतो! घरफोडी झालेल्या किती लोकांनी मला हेच सांगितलंय, की शेजारी दोन दिवस आधी सहज विचारून गेला होता.

रोल चांगले होते. दोन खाल्ले.

४ जानेवारी

दोन दिवस पाऊस. वाळवंटात एवढा पाऊस मी कधी बघितला नव्हता.

आज सकाळी पलंगाजवळची फळी ओली लागली. बोट दाबलं तर आत गेलं. जेवणाच्या बाकामागेही तसंच, आणि कुबट वास. मर्ल त्याच कोपऱ्यात बसायचा.

मला धडकी भरली आहे. ट्रेलरची भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. तो कुजला तर घर रस्त्यावर नेता येत नाही, वाटेत फाटतं. आणि एकतीस मार्चला तळ बंद होतो, पाणी तोडतात, उन्हाळ्यात इथे कुत्रंही राहू शकत नाही. ज्यांचे ट्रेलर निघू शकत नाहीत ते तळाच्या मागच्या रांगेत, झाडांखाली, कायमचे उभे राहतात. आत्ता सहा आहेत तिथे. खिडक्यांना काचा नाहीत. माझा सातवा झाला तर मी कुठे जाणार?

६ जानेवारी

सापडलं! सगळ्या खिडक्या बाहेरून तपासल्या. स्वयंपाकाच्या बाजूच्या दोन खिडक्यांचं सिलिकॉन कापून काढलंय. चार भोकं मोकळी, पात्याच्या खुणा स्वच्छ. आणि ती बाजू कुणाकडे आहे? डेलबर्टकडे. मी गुरुवारी दोन तास गावात होते.

आता त्याचं सगळं उलगडलं. खिडक्या बिघडवायच्या, पाणी आत जाऊ द्यायचं, बाई घाबरली की ट्रेलर मिळेल त्यात घ्यायचा, नाहीतर तळावरची माझी ही जागा तरी घ्यायची.

एक गोष्ट जुळत नाही ती नोंदवून ठेवते. स्वयंपाकाकडची भिंत, जिथली भोकं कापली, ती कोरडी ठणठणीत आहे. ओल आहे ती न कापलेल्या बाजूला. पाणी भिंतीतून फिरून तिकडे गेलं असेल. हा माणूस हुशार आहे, आपल्या बाजूला पुरावा ठेवणार नाही.

चारही भोकं पुन्हा बुजवली. या वेळी दुप्पट सिलिकॉन.

१४ जानेवारी

मुद्देमालासकट पकडला.

सकाळी साडेसहाला तळाच्या न्हाणीघराकडे निघाले. टॉवेल विसरला म्हणून परत फिरले, तर हा माझ्या स्वयंपाकाच्या खिडकीखाली गुडघ्यावर, हातात पातं. मी अशी ओरडले की आठ-दहा ट्रेलरांची दारं उघडली. लोक हातात कप घेऊन, घरच्या कपड्यांत बाहेर आले.

"काय करताय माझ्या घराला? सांगा सगळ्यांना! मोठ्यानं सांगा!"

तो उठला. गुडघे झाडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उघड्या दारातून आत, खुंटीकडे. तिथे मर्लची टोपी.

"बाई, आपण नंतर बोलू. दोघंच."

"दोघंच कशाला? पावसाआधी पण तुम्हीच कापलं ना?"

"हो."

"का?"

लोक बघतायत. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं." आणि पातं मिटून आपल्या ट्रेलरमध्ये गेला.

कबुली! तीस वर्षांत इतकी सरळ कबुली क्वचितच मिळाली असेल. तरी मनासारखं काही वाटलं नाही. खिडकी पुन्हा बुजवली.

१९ जानेवारी

दुसऱ्याच्या घराला न विचारता हात लावायचा नाही, हा इथला सगळ्यात मोठा नियम. दारू पिऊन धिंगाणा घातला तर लोक विसरतात, पण हे विसरत नाहीत. काल शनिवारी डेलबर्ट अवजारांची पेटी घेऊन डागडुजीला गेला तेव्हा त्याला कुणी खुर्ची दिली नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. त्याची पडवी मिटलेली आहे.

ओलेटा आली होती. "रोवीना, भिंत उघडून बघू गं. किती कुजलंय ते तरी कळू दे."

"आधी त्याला तळावरून काढ."

"तो वाईट माणूस नाही."

"मग कापलं का? सांग ना!"

ती खिडकीकडे बघत राहिली. "काही गोष्टी सांगून उपयोग नसतो," म्हणाली.

म्हणजे हीसुद्धा त्याला सामील! मर्ल असता तर एवढं धाडस झालं असतं का कुणाचं?

२ फेब्रुवारी

काल पुन्हा पाऊस, रात्रभर. पहाटे उठून भिंती चाचपल्या. पलंगाकडे ओलं. बाकामागे ओलं. आणि स्वयंपाकाकडची, जी मागच्या पावसात कोरडी होती, ती या वेळी ओली.

वहीत दोन रकाने पाडले, दाव्यांच्या तपासात पाडायचे तसे. मागच्या पावसात जिथे भोकं मोकळी होती तिथे कोरडं, आणि बुजलेली होती तिथे ओलं. या पावसात सगळी बुजलेली, आणि सगळंच ओलं. तीनदा तपासलं. दुसऱ्या कुणाचा दावा असता तर मी पाच मिनिटांत निकाल दिला असता. कोट घालून ओलेटाकडे गेले.

पाऊस थांबला होता. तिच्या खिडक्यांच्या खालच्या भोकांतून पाण्याची बारीक धार बाहेर पडत होती.

"ओलेटा, तुझ्या खिडक्या गळतायत."

"गळायलाच हव्यात! चौकटीच्या खाचेत पावसाचं पाणी साचतं, ते त्या भोकांतून बाहेर जातं. भोकं बुजवलीस तर पाणी काय करेल बिचारं? आत येईल." एवढं बोलून तिनं जीभ चावली. मग मला हाताला धरून आत बसवलं. "तुला कळायला नको होतं गं हे. मर्लचा काही दोष नाही. एवढा आजारी माणूस, डोकं ठिकाणावर नसेल. नाहीतर मर्ल अशी नवशिक्याची चूक करेल का? डेलबर्टनं आम्हाला सगळ्यांना बजावलं होतं की रोवीनाबाईंना सांगायचं नाही. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम आहे, असू दे तिच्यापुरतं चांगलं. मी एकेक करून हळूच मोकळी करतो, म्हणाला. पण सगळ्यांसमोर पकडला गेल्यावर नियम तो नियम, म्हणून लोक त्याला टाळतायत."

"सगळ्यांना? सगळ्या तळाला वाटतंय की मर्लनं..."

"कुणी हसलं नाही गं त्याला."

मी कॉफी तशीच ठेवून आले. घरी येऊन या वहीचं बारा नोव्हेंबरचं पान काढलं. सगळं आहे तिथे. सात खिडक्या, चौदा भोकं, ओलं फडकं. मर्लला ती दिसली नाहीत म्हणून मी हसलेसुद्धा होते. वीस वर्षं तो ती भोकं दात कोरायच्या काडीनं साफ करायचा. आता आठवतंय, दर पावसाआधी काडी घेऊन खिडक्यांखाली वाकलेला असायचा आणि मी आतून म्हणायचे, काय खेळत बसलास, कॉफी निवतेय.

मला लाज वाटते आहे. डेलबर्टपुढे वाटते, आणि मर्लपुढे त्याहून जास्त. त्याचं नाव मी खराब केलं, अर्ध्या उत्तरानं.

३ फेब्रुवारी

सकाळी शेजारी गाडीचा आवाज. पडदा सारला. डेलबर्टनं सगळं आवरून ट्रेलर गाडीला जोडला होता आणि बाजूला उभा होता. हात खिशात. कुणाची तरी वाट बघत.

फेरीसाठी. दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय निघायचं नाही, हे त्यानं आत्ताही पाळलं होतं. समोरच्या ट्रेलरांतून लोक बघत होते. कुणी बाहेर आलं नाही. पाच मिनिटं झाली. तो चालकाच्या दाराकडे वळला.

मी सपाता घालून धावले.

"थांबा! फेरी व्हायचीय तुमची."

तो गाडीत जाऊन बसला. मी आकडा बघितला. खीळ बघितली. साखळ्या, दोन्ही. चाकांवर हात फिरवला. मागे जाऊन उभी राहिले. डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेकचा. सगळं ठीक होतं. आता फक्त अंगठा दाखवायचा राहिला होता, आणि माझा हात वर होईना.

मग मी ओरडले. चौदा तारखेला ओरडले होते त्याहून मोठ्यानं, कारण तेव्हा ऐकणारे सगळेच आता ऐकायला हवे होते.

"ती भोकं मर्लनं बुजवली नव्हती! मी बुजवली! बारा नोव्हेंबरला, मुंग्या आल्या म्हणून! मर्ल असता तर त्यानं माझ्या हातातली नळी काढून घेतली असती! डेलबर्टनं माझी भिंत वाचवली आणि मी त्याला चोर म्हटलं!"

समोरची दारं एकेक उघडली. डेलबर्टनं गाडी बंद केली. खाली उतरला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते. वाटलं, आता मला टाकून बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं त्यानं.

"मी डिसेंबरात विचारलं होतं, बाई."

"विचारलं होतं."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय."

"तीन आठवडे माझ्याशी कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "तुम्ही सोडून. तुम्ही निदान शिव्या तरी घातल्यात."

मी रडले, सगळ्यांसमोर. चालायचंच. ओलेटा येऊन म्हणाली, "डेलबर्ट, तो ट्रेलर सोडव. पुढचा शनिवार हिचा आहे आणि भिंत उघडणाऱ्यांत तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

"इन्स्पेक्टर मॅडमची परवानगी लागेल," तो म्हणाला. "लेखी."

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच कापडी पडवी पूर्ण उघडली. कॉफी दोन किटल्या, सफरचंदाचा केक. अठरा माणसं आली. चौदाही भोकं मी स्वतः मोकळी केली, मर्लच्या दात कोरायच्या काड्यांनी. डबी अजून होती.

आतल्या फळ्या काढल्या. पलंगाकडच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या, बाकामागची एक. बाकीचा सांगाडा शाबूत. डेलबर्ट म्हणाला, आणखी एक पाऊस झाला असता तर मागच्या रांगेत जावं लागलं असतं. मार्चअखेर मी निघू शकते.

बाकामागे मर्लचं अक्षर निघालं. तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या सालांचं. शेवटचं दोन वर्षांपूर्वीचं: "खिडक्या तपासल्या. सगळं कोरडं. रोवीनाला सांगायची गरज नाही, काळजी करत बसेल." डेलबर्टनं ते वाचलं आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मी तिथे किती वेळ बसले ते माहीत नाही.

नव्या पट्ट्या बसल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढून मला दिली. मी म्हटलं, काम तुम्ही केलंत, नाव तुमचं. तर म्हणाला, "माझं वरच्या बाजूला लिहितो. तुम्ही तुमचं लिहा. आणि या वेळी पूर्ण उत्तर."

मर्लच्या ओळीखाली जागा होती. तिथे लिहिलं: "रोवीना स्टब्ज. चौदा भोकं मी बुजवली, मीच उघडली. आता कोरडं."

मग डेलबर्टनं फळी लावली.